बिनखोबऱ्याचे चणे

नऊ वर्षं मी त्यांच्या घरात भाड्याने राहिले आणि त्या नऊ वर्षांत त्यांना बसलेलं एकदाच पाहिलं. ती एक वेळ माझ्या चुकीमुळे आली. चूक साधीच होती, आमच्याकडची कुठलीही बाई करील अशी. पण ती आठवली की अजूनही माझं शिवणावरचं लक्ष उडतं, आणि मी तहान नसताना पाणी प्यायला उठते.

वाड्यावर लहानथोर सगळे त्यांना तितीव म्हणत. क्रिस्तांव, म्हणजे ख्रिस्ती घरांत काकाला म्हणतात तसं. गोव्यात डिचोलीपासून जवळच हा वाडा, बावीस क्रिस्तांव घरांचा. मध्ये प्रार्थनेचं एक लहानसं कपेल, आणि कपेलाच्या पलीकडे सगळी हिंदू वस्ती. आम्ही सावंतवाडीकडचे. आमचे हे खाणीच्या ट्रकांच्या गॅरेजात कामाला लागले आणि तितीवच्या घराचा पुढचा कोपरा, म्हणजे एक खोली आणि एक स्वयंपाकघर, आम्हाला मिळाला. मी खिडकीशी मशीन मांडून शिवणकाम करायची. त्यामुळे वाड्यावर कोण आलं, कोण गेलं, कोण कुणाकडे बघून तोंड फिरवून गेलं, हे मला न उठता कळायचं.

तितीव मात्र सदा उठलेलेच. पाव आणि चहा ते अंगणात फेऱ्या मारत घ्यायचे. पेज ओट्याशी उभ्याने. कपेलात सगळे बाकांवर बसले की हे मागच्या दाराला टेकून उभे. पायरीवर नाही, पडवीतल्या बांधीव बाकावर, म्हणजे सोप्यावर नाही, दुसऱ्याच्या घरी तर मुळीच नाही. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी बोटीवर स्वयंपाकी म्हणून काढली होती, तिथली ही सवय असं लोक सांगत. मी एकदा तोंडावरच विचारलं, तितीव, तुमका मुळव्याध आसा काय? ते हसले नाहीत. म्हणाले, बसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते दिसत नाही.

आणि दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते बघणं हाच त्यांचा दिवसभराचा उद्योग होता. रोज अकराच्या सुमाराला, पेजेच्या वेळी, ते निघत. प्रत्येक दारात एकच प्रश्न, “पेज जाली?” उत्तराची वाट न बघता सरळ आत. आत म्हणजे चुलीपर्यंत. झाकण उचलायचं, वास घ्यायचा, चमचा घालायचा. माझ्या घरात ते पहिल्यांदा असे शिरले तेव्हा मी लग्न होऊन आलेली नवीन मुलगी. परक्या पुरुषाने माझ्या आमटीचं झाकण उचललं म्हणून मी लाल झाले, आणि त्यांनी मला शांतपणे सांगितलं, “बाय, मीठ उणें.” मीठ खरंच कमी होतं, त्याचा राग जास्त आला.

एवढ्यावर थांबते तर मी त्यांना आगाऊ म्हातारा म्हणून सोडून दिलं असतं. पण ते एका घरातलं उचलून दुसऱ्या घरात नेत. न विचारता. कुणाकडे कालचं माशांचं कालवण उरलेलं दिसलं की वाटी भरून घेत आणि जिथे नुसतीच पेज असेल तिथे ठेवून येत. कालवण कुणाचं ते सांगत नसत. ज्याचं गेलं तो ओरडायचा, ज्याला मिळालं तो लाजायचा, आणि दुसऱ्या आठवड्यात दोघांच्या जागा बदललेल्या असायच्या. वाड्यावरची भांडी त्यामुळे कायमची मिसळली होती. माझ्या लग्नातली, यजमानांचं नाव कोरलेली वाटी मी एकदा चौथ्या घरात कुत्र्यापुढे बघितली. तणतणत घरी आले. तितीव म्हणाले, कुत्राही वाड्याचाच आहे.

बायबलमधलं एकच वाक्य ते सारखं सांगत. पहिले क्रिस्तांव सगळं सामायिक ठेवून राहत, कुणी आपलं असं काही म्हणत नसे, अशा अर्थाचं. पाद्री ते वर्षातून एकदा वाचतो, हे रोज सांगायचे. मी म्हणायची, तितीव, मग भाडं कशाला घेता? त्यावर मात्र त्यांना लगेच कुठेतरी जायचं असे.

हे सगळं गमतीचं वाटतं, आणि होतंही. पण वर्षातून एकदा या माणसाची गंमत करायची कुणाची छाती होत नसे. सायबिणीच्या दिवसांत. सायबीण म्हणजे मारिया माऊलीची लहान मूर्ती. पाऊस सरला की ती कपेलातून निघते आणि वाड्यावरच्या घराघरांत एकेक दिवस मुक्कामाला राहते. संध्याकाळी त्या घरी तेर्स होतो, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, आणि मग मेणबत्त्या घेऊन, गाणी म्हणत सगळे तिला पुढच्या घरी पोचवतात. पुढच्या घरचे लोक उंबऱ्यात उभे असतात. शेजाऱ्याने मूर्ती हातात द्यायची आणि त्यांनी आत न्यायची. मग चणे वाटतात, मोठ्यांना थोडी फेणी. कुठल्या घरानंतर कुठलं घर ती यादी तितीवकडे असे. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, मोठ्या अक्षरात, बावीस नावं. आदल्या रविवारी कपेलात ते ती उभ्याने वाचायचे. ते तर उभेच असायचे म्हणा.

“सायबीण कोणूच आपूण हाडिना,” ते मला समजावत, “शेजारी हाडून दिता.” देव तुमच्या घरी यायचा तर शेजाऱ्याच्या हातून येणार. शेजाऱ्याशी बोलत नसाल तर आधी बोलायला लागा. खरंच, सायबिणीच्या आठवडाभर आधी वाड्यावर वर्षभराची भांडणं घाईघाईने मिटवली जात. मला ते फार आवडायचं. आमच्याकडे असं काही हवं होतं असं वाटायचं.

यादीत सातवं नाव त्यांचं आणि आठवं त्यांच्या मुलीचं होतं. एकुलती एक मुलगी. तिची आई ती लहान असतानाच गेली, म्हणून तितीवनी बोट सोडली आणि घरी राहून स्वतः रांधून तिला वाढवली. लग्नही वाड्यावरच, अगदी खालच्या घरात दिलं, हाक मारली तर ऐकू येईल असं. जावई खाणीवरच मशीन चालवायचा. माणूस वाईट नव्हता, पण दारूने त्याला पार धुऊन काढला होता. मुलीच्या अंगावर वळ मी पाहिले आहेत. ती ब्लाऊज शिवायला यायची आणि माप देताना पाठ वळवायची नाही. पाद्रीने सांगून झालं, तितीवनी झाकणं उचलून झाली, वाड्यावरच्या पुरुषांनी समज देऊन झाली. काही उपयोग झाला नाही.

मग कुणीतरी त्या जोडप्याला म्हापशाच्या बाजूला एका प्रार्थनासभेला नेलं. गोव्यात चर्च सोडून अशा सभांना जाणाऱ्यांना लोक बिलीव्हर म्हणतात. ते मूर्ती मानत नाहीत, सायबीण घेत नाहीत, मूर्तीपुढे ठेवलेलं खात नाहीत. जावयाची दारू सुटली. ती कशी सुटली यावर मी वाद घालणार नाही, मी फक्त ती सुटलेली पाहिली. मुलगी पाठ वळवून माप द्यायला लागली. आणि तिने घरातले फोटो, मूर्ती काढून बापाच्या दारात आणून ठेवल्या, नीट, कापडात गुंडाळून.

वाडा पेटला. बैठक झाली. तिच्या घरी कुणी जायचं नाही, विहिरीवर तिच्याशी बोलायचं नाही असं ठरलं. दुसऱ्या दिवशी बायकांनी आपापल्या घरातली तिची भांडी शोधून काढली. एवढ्या वर्षांत कुणाचं काय हे कुणाला माहीत नव्हतं, पण तिची भांडी मात्र सगळ्यांना बरोबर ओळखू आली. एकेक करून तिच्या फाटकाबाहेर रचली. वाट्या, दोन डबे, एक कालथा, एक बिनकानाचा टोप. मी खिडकीतून बघत होते. माझ्याकडेही तिचं एक ताट होतं. मी ते दिलं नाही, पण बाहेर येऊन कुणाला एक शब्दही बोलले नाही, हेही सांगायला हवं.

तितीव अकराला निघाले. तो ढीग त्यांनी पाहिला. परत घरात गेले, आपला पेजेचा वाडगा आणला आणि ढिगाच्या अगदी वर ठेवला. मग पुढच्या घरी जाऊन विचारलं, पेज जाली? त्या दिवसापासून ते पेज टोपाच्या झाकणीतून प्यायला लागले. मी नवा वाडगा आणून दिला तर तोही दुसऱ्या कुणाच्या घरी पोचवला.

पण मुलीच्या घरी ते गेले नाहीत. इथे मला त्यांचा राग येतो, तेव्हाही आला होता. एकवीस घरांची झाकणं उचलायची आणि त्या एका फाटकाशी पाय अडखळायचे. तिथे आले की उभे राहायचे, हाताची बोटं उगाच मोजायचे आणि पुढे जायचे. एकदा मी म्हटलं, तितीव, तुमचा चेडू मा ता, जावा ना भुतूर, पोटच्या मुलीकडे आत जायला काय हरकत? ते म्हणाले, मी गेलो तर वाडा म्हणेल यादीवाल्यानेच नियम मोडला, आणि मग कुणी कुणाचं ऐकणार नाही. “आनी वचूंक ना जाल्यार?” आणि नाही गेलो तर, असं त्यांनीच स्वतःला विचारलं. त्या दिवसांत ते इतके चालत की चपलांचा अंगठा महिन्याला तुटायचा.

तीन वर्षं असं चाललं. यादीत आठवं नाव तितीव मोठ्याने वाचायचे, आणि सायबीण सातव्या घरातून निघून आठव्या फाटकावरून सरळ नवव्या घरी जायची. फाटकाशी तितीव अर्धा मिनिट थांबायचे, सगळी मिरवणूक थांबायची, गाणं तेवढं चालू राहायचं. दार बंद असायचं. मग पुढे. चौथ्या वर्षी वाड्याच्या अध्यक्षाने, तो बँकेतला एक नीटनेटका तरुण होता, स्पष्ट सांगितलं की हे नाव आता तितीवनी स्वतःच्या हाताने खोडावं. जे येणार नाहीत त्यांचं नाव कपेलात वाचणं बरं दिसत नाही. नाहीतर यादी दुसऱ्याकडे द्यावी. तो उद्धट बोलला नाही. वाईट वाटून घेऊ नका असंही म्हणाला. सायबीण तितीवच्या घरून निघेल त्या संध्याकाळपर्यंत त्याने मुदत दिली.

“ती बिलीव्हर,” त्या रात्री जेवताना नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या झाकणाला हात घालताना ते म्हणाले, “आनी आमी कितें? फकत शेजारी?” आमटीत चमचा घातला, पण चव काय ते सांगितलं नाही. तेव्हा मला कळलं की हा माणूस खरंच अडकला आहे. यादी गेली तर त्यांच्याकडे वाड्यात चालायचं कारणच उरणार नव्हतं, आणि नाव खोडलं तर मुलगी.

सायबीण त्यांच्या घरी आली. दुसऱ्या दिवशी दुपारपासून पुढच्या दालनात बायका जमल्या. मी शिवलेला पांढरा पडदा मूर्तीच्या मागे लावला होता. चण्यांचा मोठा टोप उकडून, खोबऱ्याच्या कातळ्या घालून मूर्तीपुढे कापडाखाली ठेवला होता. तितीव माझ्या स्वयंपाकघरात आले आणि मला म्हणाले, बाय, तुझा गॅस दी. त्यांनी सोबत भिजवलेले मूठभर चणे आणले होते. उकडायला टाकले, मीठ घातलं, दुसरं काही नाही. ती लहानपणी खोबऱ्याचे तुकडे वेचून ताटाच्या कडेला ठेवायची, म्हणून बिनखोबऱ्याचे. आणि मूर्तीपुढे ठेवले नाहीत, हे तिला सांगायचं म्हणून माझ्या चुलीवर. सायबीण नेणार नाही, ते म्हणाले, मीच जातो. मिरवणूक निघायच्या आधी. तिने दार उघडलं तर नाव राहील. नाही उघडलं तर खोडतो.

ते शर्ट बदलायला गेले. तेवढ्यात पलीकडून एक बाई माझ्यासाठी बशीभर चणे घेऊन आली, पडदा शिवला म्हणून, प्रार्थनेच्या आधीच. मूर्तीपुढच्या टोपातले. मी बशी घेतली, कपाळाला लावली. आणि मग माझ्या हाताने जे केलं ते मी केलं असं अजून म्हणवत नाही. आमच्याकडे सत्यनारायणाला नैवेद्य दाखवला की त्यातला घास परत मोठ्या पातेल्यात मिसळतात. मग सगळंच प्रसाद होतं. आईला करताना बघत मी मोठी झाले. मी त्या बशीतले दोन चमचे उचलले आणि तितीवच्या टोपात घालून हलवले. चांगल्या मनाने. आता लेक आणि बाप एक होतील असंही मनात आलं असावं.

तितीव आले, माझ्याच वाटीत चणे काढले, बघितलंही नाही. पंख्याखाली उभं राहून केस विंचरले आणि निघाले. दारातून म्हणाले, “ताका सांगतां, सायबिणीफुडें दवरूंक नात.”

ते फाटकातून बाहेर पडले आणि मला कळलं मी काय केलं ते. हे चणे मूर्तीपुढे ठेवलेले नाहीत असा शब्द बाप मुलीला द्यायला चालला होता आणि तो शब्द मी आधीच खोटा करून ठेवला होता. मी अनवाणी धावले. नुसतं जाऊन हात धरायचा होता, पण शिवणाचा दोरा पायात अडकला, तो सोडवेपर्यंत ते खालच्या फाटकाशी पोचले होते. आणि दार उघडं होतं.

मी पोचले तेव्हा ती बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या पडवीत उभी होती आणि वाटी तिच्या हातात होती. रिकामी. तितीव पायरीखाली उभे. मी धापा टाकत सगळं सांगितलं. माझ्या मालवणीत, मध्येच रडत, आईचा सत्यनारायण, बशी, दोन चमचे. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं. मग मुलीकडे वळून त्याने हात पुढे केला, वाटी परत मागायला. दिलेलं परत घेता येईल अशा थाटात.

तिने वाटी दिली नाही. “खोबरें दिसलें तेन्नाच म्हाका कळ्ळें, पापा,” ती म्हणाली.

मी वाटीत बघितलं. कडेला एकही कातळी वेचून ठेवलेली नव्हती. तिने सगळं खाल्लं होतं.

ती पुढे शांतपणे बोलली. सायबीण ती घेणार नव्हती. कपेलात येणार नव्हती. बापाने आणलं म्हणून तिने खाल्लं, प्रार्थना ती आपली आपण करते, त्यात फरक पडणार नाही. चार वर्षं तू फाटकाशी उभा राहून गेलास ते मी रोज दाराच्या फटीतून बघत होते, असंही तिने सांगितलं. मग तिने सोप्यावरची उशी बाजूला केली.

“आता बस.”

तितीवनी इकडेतिकडे बघितलं. वरून आमच्या घरातून तेर्स संपत आल्याचा आवाज येत होता. सवयीने त्यांचा एक पाय फाटकाकडे वळला. मग ते पायऱ्या चढले आणि सोप्यावर बसले. अगदी कडेला, एसटीत चिमटून बसतो तसे. बसल्यावर ते किती लहान दिसतात हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मी रडत होते आणि कुणी मला उठून जा म्हणत नव्हतं.

मेणबत्त्या खाली यायला लागल्या. पुढे अध्यक्ष होता, हातात सायबीण. फाटकाशी येताच तो थांबला, सगळे थांबले. गाणं या वेळी बंद पडलं. वाड्याने बघितलं. उघडं दार, सोप्यावर बसलेला म्हातारा, त्याच्या शेजारी उभी मुलगी, आणि पायरीवर मी. अध्यक्षाने हाक मारली, तितीव, चला, यादी तुमच्याकडे आहे. तितीवनी खिशातून ती कॅलेंडरची घडी काढली. मी उठून ती घेतली आणि फाटकावरून त्याच्या हातात दिली. सायबीण शेजारच्याकडे देऊन त्याने ती उलगडून बघितली. बावीस नावं होती, एकही खोडलेलं नव्हतं.

तितीवनी बसूनच सायबिणीला क्रूसाची खूण केली.

“फुडें वचात,” नवव्या घराकडे हात करून ते म्हणाले. मग तोच हात सोप्यावर टेकला. “हांव हांगा आसां.”